टाचणवही विकतची की बांधून घेतलेली? चौथीच्या बाईंचा वर्षभराचा रिव्ह्यू

आधीच सांगते, टाचणवहीचा (वर्गात काय शिकवायचं ते आपण आधी लिहून ठेवतो ती वही) हा रिव्ह्यू लांब होणार आहे कारण तीन वह्यांवर मिळून बाराशेच्या आसपास पैसे घालवलेत आणि त्यातली एक आता घरी किराण्याच्या हिशोबाला आहे.

पहिली म्हणजे ऑनलाइन मागवलेला टीचर प्लॅनर. मे महिना, सोलापूरचं ऊन, बाहेर पडायची सोय नाही, मोबाईलवर बसल्या बसल्या ऑर्डर टाकली, ६४९ रुपये. दिसायला लई देखणा, जाड पानं, स्टिकर, प्रत्येक महिन्याला इंग्लिशमधे एक सुविचार. पण तो सुरू होतो जानेवारीपासून! आपलं वर्ष जूनमधे सुरू होतं ओ, म्हणजे अर्धी वही पहिल्याच दिवशी कोरी वाया. शनिवार-रविवार मिळून एकच बारकी चौकट, आता आमची शनिवारची सकाळची शाळा मी त्या चौकटीत कुठं लिहू. स्पायरलची तार ओढणीत अडकून अडकून ऑगस्टपर्यंत वाकली, मग पानच उलटंना.

दुसरी, नवी पेठेतनं घेतलेली छापील टाचण वही, १८० रुपये. ही निदान आपल्या पद्धतीची, विषय, घटक, उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन असे रकाने. तपासणीला दाखवायला एक नंबर. पण खरं सांगा, त्या रकान्यांत आपण जे लिहितो ते वर्गात होतं का? मी आदल्या रात्री पानभर लिहायची आणि दुसऱ्या दिवशी परिपाठ लांबला, आहाराच्या तांदळाचा टेम्पो आला, "तातडीने माहिती पाठवा" असा मेसेज आला की त्या पानाचा आणि वर्गाचा संबंध संपला. जे झालं नाही ते लिहायला त्या वहीत जागाच नाही, सगळं झालं असंच गृहीत धरलेलं.

म्हणून तिसरी मी स्वतः आखली आणि पूर्व भागातल्या एका झेरॉक्स-बाइंडिंगवाल्या काकांकडनं बांधून घेतली. १०० कागद, ८० जीएसएम, दोन्ही बाजूनी प्रिंट, २०० रुपये, बाइंडिंग १६०, टोटल ३६०. दुकानाचं नाव विचारू नका, पाटीवरची अक्षरं कधीच उडालीत आणि सगळे "काकांचं दुकान" एवढंच म्हणतात. मी स्पायरल सांगितलेलं तर काका म्हणाले, "मॅडम, वर्षभर उघडझाप करणार ना, मग जुजबंदी करू, दोऱ्यानं शिवलेलं सपाट उघडतं. फक्त शिवणीकडं बोटभर जागा सोडून प्रिंट काढा." आणि खरंच वही टेबलावर सपाट पडते, एका हातात खडू आणि दुसऱ्या हातानं लिहिता येतं, ही गोष्ट ज्याला कळत नाही त्यानं वर्गावर कधी शिकवलं नसावं.

आता आत काय आहे ते, कारण खरा रिव्ह्यू त्याचाच.

एका आठवड्याला समोरासमोरची दोन पानं. डावीकडं सहा दिवसांच्या तासिका, प्रत्येक तासिकेला फक्त एक ओळ, "गणित, अपूर्णांक, कागदाच्या घड्या" एवढंच. उजव्या पानावर दोनच रकाने, राहिलं आणि का राहिलं. बस. दुसऱ्या रकान्याची मला आधी स्वतःलाच लाज वाटायची, कारणं काय लिहीत बसायची म्हणून. पण सप्टेंबरमधे मागची पानं चाळली तर दिसलं की बुधवारची शेवटची गणिताची तासिका बारापैकी सात वेळा बुडालीये, आणि मी आपली दर बुधवारी तिथंच नवीन उदाहरणं ठेवतेय. गणित दुसऱ्या तासिकेला घेतलं, तिथं कार्यानुभव टाकलं, प्रश्न मिटला. शनिवारी नवीन काहीच ठेवत नाही, शनिवार म्हणजे राहिलेल्याचा दिवस. साडेपाच दिवसांच्या आठवड्यात पाच दिवसांचंच नियोजन करायचं, हे मला नोकरीच्या नवव्या वर्षी कळलं.

प्रत्येक दिवसाच्या कोपऱ्यात एक नंबर आहे, १ ते २००. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय (सहावी ते आठवीला २२० आणि १०००), ते आपण ट्रेनिंगमधे ऐकतो आणि विसरतो. नंबर समोर असला की कळतं. दिवाळीच्या सुट्टीला लागताना माझा नंबर ९३ होता आणि पुस्तक जवळपास निम्मं, म्हणजे ठीक. परिसर अभ्यास भाग दोन मात्र मागं होता, कारण शिवाजी महाराजांचा एकेक प्रसंग सांगायला लागलं की पोरं सोडत नाहीत आणि मलाही सोडवत नाही.

आपल्या गावाचं कॅलेंडर कुठल्याच विकतच्या प्लॅनरमधे नसतं, ते मी आधीच छापून घेतलं. आषाढीच्या आसपास घरचे पंढरपूरला जाणार म्हणून हजेरी कमी. १२ जानेवारी हुतात्मा दिन, त्याला लागूनच सिद्धरामेश्वरांची यात्रा, अक्षता, मग संक्रांत, आणि होम मैदानावर गड्डा (यात्रेची जत्रा) असेपर्यंत पोरांचं लक्ष पाळण्यातच. मागच्या वर्षी मी त्याच आठवड्यात भागाकार सुरू करायचा शहाणपणा केला होता आणि महिनाअखेर तो परत पहिल्यापासून घ्यावा लागला. यंदा त्या आठवड्यावर नुसतं "उजळणी" लिहिलं आणि गड्ड्यावरच्या खर्चाची शाब्दिक उदाहरणं दिली, पाळणा एवढ्याचा, भेळ एवढ्याची, पन्नासातले उरले किती. एप्रिलमधे पारा चाळिशीच्या वर गेला की सकाळची शाळा, तासिका आखूड, त्यामुळं त्या पानांवर चौकटीच कमी आखल्यात.

मुलांची पानं हा सगळ्यात वसूल भाग. पट ३८, प्रत्येकाला दोन पानं. २०१० पासून आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, तिसरी-चौथीला आकारिकला (वर्षभर चालता चालता करायचं) ६० आणि संकलितला (सत्राच्या शेवटी घ्यायचं) ४०, निरीक्षणापासून प्रकल्प, स्वाध्यायापर्यंत आठ साधनतंत्रं. आणि आपण करतो काय, सत्र संपायच्या आदल्या दोन रात्री जागून "अभ्यासात प्रगती चांगली" ३८ वेळा लिहितो. मीही तेच करायची, खोटं कशाला बोलू. आता रोज हजेरीच्या क्रमानं पाचच मुलं, तारीख आणि एक ओळ. आठ दिवसांत वर्ग फिरून होतो. वाक्य मात्र डोळ्यांनी दिसलेलंच लिहायचं, "हुशार आहे" चालणार नाही. एका मुलीच्या पानावर असं तीनदा आलं की फळ्यावरचं उतरवताना चुकते, पुस्तकातलं बरोबर उतरवते. मी आपली समजत होते की घरी तेलुगू बोलतात म्हणून मराठी लिहिताना अडखळते. चष्म्याचा नंबर निघाला. वेगवेगळ्या तीन कागदांवर लिहिलं असतं तर हे कधीच जुळलं नसतं.

वह्या तपासायलाही हीच ट्रिक, एका दिवशी एकच रांग. ३८ वह्यांचा गठ्ठा घरी नेणं बंद. चार रंगांचे पेन वापरायचा प्रयोगही केला होता, आठवड्यात तीन पेन पोरांकडं गेले आणि मी परत निळ्यावर आले.

शेवटच्या पानाचं नाव "मी नाही तेव्हा". ट्रेनिंग, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, आजारपण, आपण कधीही वर्गातनं उचलले जातो आणि शेजारच्या वर्गाच्या बाई दोन वर्ग सांभाळतात. त्या पानावर बसण्याची जागा, कोण कुठल्या रिक्षानं जातो, कुणाला शेंगदाणा चालत नाही (सोलापुरात शेंगा चटणीशिवाय डबा नाही, म्हणून हे लिहिलेलंच बरं), गटप्रमुख कोण, आणि मागं एक पाकीट चिकटवलंय त्यात कधीही देता येईल अशा दोन वर्कशीट. नोव्हेंबरमधे तीन दिवस ट्रेनिंगला गेले तर एकदाही फोन आला नाही. मला जरा वाईटच वाटलं.

आता तक्रारी. काकांनी चार दिवस सांगून अकरा दिवस लावले, शाळा सुरू झाली तरी मी सुट्या कागदांवरच लिहीत होते. हिरवं रेक्झिन सांगितलेलं, मरून आलं. आणि ऑगस्टचा एक अख्खा फर्मा (एकत्र शिवतात तो पानांचा जुडगा) उलटा शिवलाय, म्हणजे ऑगस्टमधे मी वही डोक्यावर करून लिहायची आणि पोरं हसायची. दाखवायला नेली तर काका शांतपणे म्हणाले, "उलटी करून वाचता येतंय की." पैसे कमी केले नाहीत, पुढच्या वेळी खुणेची रिबीन फुकट लावतो म्हणाले. शिवाय तपासणीला ही वही चालेलच असं नाही, आमच्या मुख्याध्यापकांनी बघितली, आवडली, आणि छापील टाचणही भरा म्हणाले. ते मी आता आठवड्याला एकदा वीस मिनिटांत भरते कारण सगळं इथं असतंच.

रेटिंग: आखणीला साडेचार (अर्धा कापला कारण पालकांच्या फोनची नोंद ठेवायला पान ठेवायचं विसरले), बाइंडिंगला साडेतीन, छापील टाचणवहीला दोन, आणि ६४९ वाल्या प्लॅनरला एक, तोही स्टिकरसाठी, ते पोरांनी जूनमधेच संपवले. पुढच्या वर्षीचे कागद यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच काकांकडं टाकणार आहे, आणि ऑगस्टची पानं शिवताना समोर बसणार आहे.