पेंढ्याच्या भिंतींचं घर: राहून पाहिल्यावर (आणि खिळ्याबद्दल जरा जास्तच)

जुलैत आमचा एसी गेला. गेला म्हणजे बाहेरचं युनिट गुरगुरायचं, आत नुसता वारा यायचा. सर्व्हिसवाल्याने झाकण उघडलं, 'बोर्ड गेलाय, पार्ट मागवावा लागेल' म्हणाला आणि त्यानंतर फोन उचलणंच बंद केलं. इथे कॅलिफोर्नियात, डेव्हिसच्या आसपास, जुलैत पारा चाळिशी ओलांडतो. पलीकडच्या नव्या कॉलनीतलं एक कुटुंब असाच एसी गेल्यावर हॉटेलात राहायला गेलं होतं, म्हणून मीही बॅग काढून ठेवली. ती रिकामीच परत माळ्यावर गेली. दुपारी चारला बाहेर ४१ आणि आत २७. पंखा लावला, वरणभात जेवलो, झोपलो.

खरं तर हा रिव्ह्यू मी रागाने लिहायला घेतला होता, खिळ्यावरून. एसीने तो थोडा मवाळ केलाय. खिळ्यावर येतेच.

आमचं घर लाकडी सांगाड्यात दाबलेल्या पेंढ्याचे गठ्ठे भरलेलं आहे. छपराचं वजन गठ्ठ्यांवर नाही, खांबांवर आहे. भूकंपाचा प्रदेश, त्यामुळे इथे बहुतेक जण असंच करतात. गठ्ठे तीन दोऱ्यांनी बांधलेले, भाताच्या पेंढ्याचे, आडवे रचलेले, म्हणजे भिंतीत २३ इंच पेंढा. आत मातीचा गिलावा, बाहेर चुन्याचा.

आधी ती आर-व्हॅल्यूची भानगड, म्हणजे भिंत उष्णता किती अडवते तो आकडा; जास्त तितका चांगला. आम्हाला घर विकताना 'आर-५०' ऐकवलं होतं. तो आकडा जुन्या चाचण्यांतला आहे. अमेरिकी सरकारच्या ओक रिज प्रयोगशाळेने १९९८ मध्ये गिलावा केलेली १९ इंची भिंत मोजली तेव्हा २७.५ निघाला, आणि कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीत, आडव्या गठ्ठ्याला इंचामागे १.३ धरतात. म्हणजे आमची भिंत साधारण ३०. तरी नेहमीच्या लाकडी भिंतीपेक्षा पुष्कळ जास्त. पण जुलैत वाचलो ते एकट्या पेंढ्यामुळे नाही. पेंढा ऊन अडवतो आणि आतला मातीचा गिलावा थंडावा धरून ठेवतो, ही जोडी काम करते. संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडून गार वारा सुटतो, त्याला इथे डेल्टाचा वारा म्हणतात, तेव्हा सगळ्या खिडक्या उघडायच्या, रात्रभर भिंती गार होऊ द्यायच्या आणि सकाळी आठच्या आत घर बंद करायचं. हे ज्यांना जमणार नाही, त्यांनी नुसत्या जाड भिंतीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. वणव्यांचा धूर येतो त्या दिवसांत खिडक्या उघडताच येत नाहीत, आणि मग आमचंही घर तिसऱ्या दिवशी इतरांसारखंच कोंदट होतं. ही गोष्ट ब्रोशरमध्ये नसते.

आता जागा. मी मुंबईची, कार्पेट एरियावर वाढलेली. बाहेरून ५० बाय ३० फूट, म्हणजे १५०० चौरस फूट. गिलावा धरून भिंत २६ इंच, त्यामुळे आत उरतात ११७०. साध्या भिंती असत्या तर १४०० उरले असते. सव्वादोनशे फुटांहून जास्त, म्हणजे अख्खी मोठी बेडरूम, भिंतींनी खाल्ली. पहिले सहा महिने मी हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत होते. नवरा म्हणायचा, 'पुरे आता, चहा घेऊ दे त्यांना.'

आणि खिळा.

तुम्ही भिंतीवर खिळा ठेवता, हातोडी मारता. पहिल्या फटक्याला गिलाव्याचा रुपयाएवढा टवका उडतो. दुसऱ्याला खिळा जरा रुततो, तुम्हाला वाटतं जमलं. तिसऱ्याला तो भसकन डोक्यापर्यंत आत जातो, कारण पुढे लाकूड नाही, वीट नाही, नुसता पेंढा आहे. बोटाने ओढला की तसाच बाहेर येतो आणि त्याच्यामागून पिवळ्या काडीचं एक टोक डोकावतं. स्क्रूचंही तेच. ड्रायवॉलचे (इथल्या नेहमीच्या जिप्सम बोर्डाच्या भिंतींचे) प्लॅस्टिकचे अँकर मातीत फिरतच राहतात.

किचनची कपाटं, टीव्ही, गीझर यांच्यासाठी बिल्डरने गिलाव्याआधी गठ्ठ्यांमध्ये लाकडी ठोकळे पक्के बसवून घेतले होते, ते मजबूत आहेत. इलेक्ट्रिकचे बॉक्सही गठ्ठ्यात ठोकलेल्या लाकडी मेखांवर बसतात. पण माणूस घरात राहायला लागला की त्याला कुठे काय टांगावंसं वाटेल हे ड्रॉइंगमध्ये कुठून येणार? घड्याळ, तोरण, मुलीचं मेडल, इस्त्रीच्या कपड्यांचा हुक. आणि कालनिर्णय. सासूबाई वाईहून आल्या त्या बॅगेत कालनिर्णय घेऊनच. 'अगं, एवढी मोठी भिंत आणि कालनिर्णय लावायला जागा नाही?'

एका कारागिराला बोलावलं. तो म्हणाला, टोकदार लाकडी मेख गठ्ठ्यात खोल ठोकायची, भिंतीशी सपाट कापायची, वरून माती लावायची, मग त्यात स्क्रू. पद्धत बरोबरच आहे, कोड लिहिणारेही हेच सांगतील. त्याने सांगितलेल्या पैशांत इथे चौघांचं उडप्याकडचं जेवण होतं. एका कॅलेंडरसाठी! त्याला परत पाठवला. शेवटी छताच्या तुळईला हुक लावून लांब सुतळीने कालनिर्णय सोडलंय. खिडकी उघडली की ते फिरतं आणि एकादशी कधी ते बघायला त्याच्यामागे जावं लागतं.

सासूबाईंना मात्र यात नवल वाटलं नाही. म्हणाल्या, 'आमच्या वाड्यात भिंत बांधतानाच खुंट्या पुरून घ्यायचे. तुमच्या इंजिनियरला सुचलं नाही?' सुचलं होतं हो आई, पण त्याला एका घरात माणसं किती गोष्टी टांगतात याचा अंदाज नव्हता.

वाड्याचा विषय निघाला आणि मग माझंच मत थोडं फिरलं. खिडक्यांत दोन फूट खोल बैठक आहे, कडा गोल घासलेल्या. सासूबाई दुपारी तिथे गव्हाच्या कुरडया वाळवत बसायच्या. मुलगी अभ्यास तिथेच करते. हॉलच्या भिंतीत बिल्डरने दोन कोनाडे कोरून दिलेत, एकात आमचे देव. म्हणजे ते सव्वादोनशे फूट अगदीच वाया गेले नाहीत. थोडे परत मिळाले, खिडक्यांमधून. आता पाहुण्यांना आकडा सांगत नाही. (विचारला तर सांगते.)

या घरांत एक 'ट्रुथ विंडो' ठेवायची पद्धत आहे. भिंतीत छोटी चौकट, काचेआड गिलावा न केलेला पेंढा, म्हणजे आत खरंच पेंढा आहे हे लोकांना दिसावं. सासूबाईंना तो तिसरा कोनाडा वाटला. त्यांनी खालच्या फळीवर निरांजन ठेवलं. मी धावत गेले. नवऱ्याने चाचण्यांचे निकाल वाचून दाखवले: भट्टीत ठेवलेल्या भिंतींपैकी मातीच्या गिलाव्याची १ तास टिकली, सिमेंट-चुन्याची २ तास. गच्च दाबलेल्या पेंढ्यात आगीला पुरेशी हवाच मिळत नाही, त्यामुळे तो जाडजूड टेलिफोन डिरेक्टरीसारखा कडेकडेने करपतो, भडकत नाही. धोका असतो तो बांधकामाच्या दिवसांत, जमिनीवर सुटा पेंढा पसरलेला असतो तेव्हा. हे सगळं मला पटतं. निरांजन तरी मी हलवलंच.

स्वस्त पडतं का? नाही. गठ्ठा एका पिझ्झ्याहून स्वस्त मिळतो, हे ऐकून आम्हीही खूश झालो होतो. पण घराच्या एकूण खर्चात बाहेरच्या भिंती हा छोटा हिस्सा. पाया, छप्पर, प्लंबिंग, परवाने तेवढेच राहतात. गठ्ठ्यांत जे वाचतं ते गिलावा गिळतो. आत-बाहेर तीन-तीन थर, हाताने, आणि मध्ये वाळायला वेळ. तिथे मजुरीचं मीटर पळत असतं. मित्रमंडळी जमवून गठ्ठे रचता येतात, मजाही येते. गिलावा मात्र येणाऱ्यालाच येतो.

पेंढा घ्यायचा तर भाताचाच घ्या, असं मी म्हणेन. आमच्या या सॅक्रामेंटो व्हॅलीत भात अमाप पिकतो. पूर्वी कापणीनंतर शेतं पेटवून द्यायचे, पंजाबात पराली जाळतात तसंच. १९९१ च्या कायद्याने ते टप्प्याटप्प्याने कमी केलं, आणि उरलेल्या पेंढ्याचं करायचं काय हा प्रश्न उभा राहिला. या पेंढ्यात सिलिका भरपूर, म्हणून गुरांना तो फारसा मानवत नाही, पण कुजतोही उशिरा. भिंतीला नेमकं तेच हवं. माझं माहेर मूळचं पेणचं. बाबा व्हिडिओ कॉलवर अजून विचारतात, 'गुरांच्या तोंडचं घर कसं आहे?'

आता भांडण. नैऋत्येच्या भिंतीवर, बाहेरच्या चुन्यात, केसाएवढ्या चिरा पडल्या. चुन्यात पडतात. ज्या रंगारी कंपनीला बोलावलं तिचा माणूस भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, रबरासारखा वॉटरप्रूफ रंग मारू, दहा वर्षं बघायला नको. मी म्हटलं, नको, वाफ अडकेल. तो म्हणाला, पाणी आत जाण्यापेक्षा बरं. इथून पुढे अर्धा तास अंगणात उभ्याने वादावादी. पेंढ्याच्या भिंतीला थोडं पाणी लागलं तर ते वाफ होऊन गिलाव्यातून परत निघून जातं, म्हणून तर माती आणि चुना. वर प्लॅस्टिक चढवलं की गेलेलं पाणी आतच बसतं आणि पेंढा कुजतो. त्याने भेटीचे पैसे मागितले, मी दिले, पावती मागून घेतली. मग शनिवारी मी आणि नवऱ्याने चुन्याचं पातळ पाणी करून ब्रशने चिरांवर मारलं, सुकल्यावर पुन्हा. पेणला दिवाळीआधी घरं सफेद करायचो तसंच. सामानाचा खर्च त्याच्या भेटीच्या फीपेक्षा कमी आला.

पाण्याची भीती खरी आहे, तिला हसू नका. डिसेंबर-जानेवारीत इथे टूली धुकं, म्हणजे खोऱ्यातलं दाट हिवाळी धुकं, उतरतं. कधी आठवडाभर ऊन दिसत नाही. आमच्याकडे लांब सुयांचा ओलावा-मापक आहे. तो भिंतीत खुपसला की आकडा देतो, २० टक्क्यांच्या खाली हवा. उत्तरेच्या भिंतीला धुक्यात १५ दिसला, मार्चमध्ये उतरला. सगळा खेळ रुंद पागोळ्यांचा, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडांचा, आणि जमिनीपासून उचललेल्या पहिल्या थराचा आहे. आमचे गठ्ठे काँक्रीटवर थेट नाहीत, लाकडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये बारीक खडी, वर गठ्ठा. बिल्डरने पागोळी दोन फुटांवरून कमी करायचं म्हटलं तर तिथेच उठून निघा.

विम्याच्या एजंटला 'स्ट्रॉ' (पेंढा) एवढंच ऐकू गेलं आणि तीन डुकरांच्या गोष्टीवरून विनोद झाला, ती, ज्यात लांडगा पेंढ्याचं घर फुंकरीने पाडतो. मी त्याला सांगितलं, नेब्रास्कात आर्थर गावात १९२८ सालचं चर्च गठ्ठ्यांच्या भिंतींवर उभं आहे, तेही लाकडी सांगाड्याशिवाय. आणि २०१५ पासून इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये, म्हणजे इथल्या घरबांधणीच्या नमुना नियमावलीत, या बांधकामाचं स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्याने ते परिशिष्ट मेल करायला सांगितलं. केलं. फॉर्मवर त्याने शेवटी 'लाकडी सांगाडा, गिलावा' असं लिहिलं, आणि ते खोटंही नाही.

भारतातून हमखास विचारणा होते, 'कोकणात करू का?' माझ्यापुरतं उत्तर: नको. चार महिने हवाच ओली असेल तर भिंत वाळणार कधी? मराठवाड्यात, कोरड्या भागात, रुंद पडवी काढून एखादी खोली करून बघावी. पण तिथे कडबा-पेंढा गुरांच्या तोंडचा घास आहे, दुष्काळात त्याचा भाव काय होतो ते तुम्ही मला सांगा.

ज्यांचं इथे बांधकाम सुरू आहे त्यांनी एवढं करा: गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे ठोकळे कुठे आहेत ते पुढे सापडतील. आणि ठोकळे सांगाल तेवढ्याच्या दुप्पट बसवून घ्या. प्रत्येक खोलीत, खांद्याच्या उंचीवर, चारही बाजूंना. बिल्डर हसेल. हसू दे.