ताईजी, संथ सूर्यनमस्कार की चंक्रमण? मन ठिकाणावर आणायला सुरुवात कशापासून करावी

सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत किंवा किल्ला तलावाच्या काठानं फिरणारी माणसं बेळगावात पुष्कळ दिसतात. त्यातल्या बऱ्याच जणांना घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, "नुसतं फिरू नका, मन जरा शांत होईल असं काहीतरी करा." त्या 'काहीतरी'साठी आज तीन वाटा सहज समोर येतात. एक ताईजी, जिला बरेच जण ताई-ची म्हणतात. दुसरी संथ गतीनं घातलेले सूर्यनमस्कार. तिसरी चंक्रमण, म्हणजे पावलागणिक लक्ष ठेवून चालण्याचं ध्यान. तिन्ही चांगल्या आहेत, पण तिन्ही प्रत्येकाला सारख्या मानवत नाहीत. निवड चुकली की माणूस महिनाभरात सोडून देतो आणि दोष आपल्या आळसाला लावतो. खरं कारण बहुतेक वेळा गुडघा, जागा किंवा शिकण्याची पद्धत यांत सापडतं.

तिन्हींच्या मुळाशी मागणी एकच आहे: आत्ता शरीराचं वजन कुठं आहे, हे कळलं पाहिजे. डाव्या पायावर की उजव्या? टाचेवर की चवड्यावर? हे ओळखायचं तर लक्ष तळपायापर्यंत खाली आणावंच लागतं, आणि तिथं असेपर्यंत ते कर्जाच्या हप्त्यात किंवा पोराच्या निकालात अडकत नाही. हालचाल संथ झाली की उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. मन शांत होण्यामागचं शरीरातलं कारण साधारण इतकंच आहे. कोणत्या वाटेनं वजन कळायला तुम्हाला सोपं जाईल, त्यावर निवड करायची.

ताईजी: शिकायला वेळ लागतो, पण पाय पक्के होतात

ताईजी ही मुळात चीनमधली युद्धकला. हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावातून ती पसरली. चेन, यांग, वू, सुन अशी घराण्यांची नावं तिच्या शैलींना आहेत. आज जगभर नवख्यांना सर्वांत जास्त शिकवला जातो तो यांग शैलीवर आधारलेला २४ हालचालींचा क्रम. चीनच्या क्रीडा आयोगानं तो १९५६ साली बसवला. येत असलेल्या माणसाला पूर्ण क्रम करायला पाच-सहा मिनिटं लागतात. शिकायला मात्र आठवड्याला दोन-तीन हालचाली धरल्या तरी तीन महिने जातात, आणि पुढची हालचाल आठवावी न लागता क्रम वाहता व्हायला आणखी सहा महिने धरावेत. ताईजीची खरी शांतता त्यानंतर मिळते. पहिल्या तीन महिन्यांत डोकं उलट जास्त चालतं: हात कुठं, पाय कुठं, डावा की उजवा. हे आधीच माहीत असलं तर निराशा होत नाही.

ताईजीचं सगळं मर्म एका पावलात आहे, म्हणून ते पाऊल नीट समजून घ्या. दोन्ही पायांत खांद्याइतकं अंतर, गुडघे किंचित सैल. सगळं वजन उजव्या पायावर न्या, इतकं की डावा पाय रिकामा झाला आणि सहज उचलता आला पाहिजे. आता डावी टाच पुढं टेकवा, वजन न टाकता. टेकवताना ती उजव्या टाचेच्या रेषेत येता कामा नये. दोन टाचांमध्ये आडवं साधारण वीतभर अंतर हवं. उसाच्या शेतात सरीच्या दोन बाजूंच्या वरंब्यांवर एकेक पाय ठेवून चालल्यासारखं. नवख्यांचा तोल जातो तो बहुतेक इथंच, कारण ते एका वरंब्यावरून चालल्यासारखे दोन्ही पाय एकापुढं एक ठेवतात. टाच टेकली की चवडा टेकवा आणि मग वजन हळूहळू पुढं ओता. साधारण ६०-७० टक्के वजन पुढच्या पायावर आलं की थांबा. पुढचा गुडघा बोटांच्या पलीकडं जाऊ देऊ नका आणि तो दुसऱ्या बोटाच्या दिशेतच राहू द्या. आत कलंडला तर परत या.

दुसरी चूक गुडघ्याला जास्त महाग पडते. दिशा बदलताना वजन असलेला पाय तसाच जमिनीवर घासून फिरवला की सगळा पीळ गुडघ्यात उतरतो, कारण गुडघा वाकायला बनलाय, वळायला फारसा नाही. आधी वजन मागं घ्या, रिकाम्या झालेल्या पायाची बोटं उचलून टाचेवर वळवा, मगच वजन टाका. 'ताईजीनं गुडघे दुखायला लागले' अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हे वळण तपासावं. दुसरं कारण फार खाली बसणं. तालमीत जोर-बैठका मारलेल्या माणसाला खाली बसायचा मोह होतो आणि छाती ताठ राहते. पायात ताकद असणं चांगलंच, पण सुरुवातीचे सहा महिने उंच उभं राहूनच करावं. क्रमातल्या १६ आणि १७ क्रमांकाच्या हालचालींत एका पायावर खोल खाली जायचं असतं. चाळिशीपुढच्या कोणीही तिथं अर्ध्यावर थांबलं तरी काही बिघडत नाही.

वयस्कांसाठी ताईजीचा सर्वांत पक्का पुरावा तोलाबाबत आहे. २०१८ साली अमेरिकेत ७० वर्षांवरच्या ६७० जणांवर झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून दोनदा २४ आठवडे ताईजी करणाऱ्यांचं पडणं नुसते अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंग) व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्के कमी होतं. पार्किन्सन असलेल्या १९५ जणांवरच्या २०१२ च्या अभ्यासातही तोल सुधारलेला दिसला. एकदा घरात पडून भीती बसलेल्या माणसाला याचा मनासाठी किती उपयोग आहे, ते वेगळं सांगायला नको. पायावर भरवसा परत आला की माणूस एकटा बाजारात जायला लागतो.

अडचण आपल्याकडची अशी की शिकवणारं माणूस जवळ मिळणं कठीण. व्हिडिओवरून शिकायचं तर शिकवणाऱ्याची पाठ दिसेल असाच व्हिडिओ निवडा; समोरून पाहिलं की डावं-उजवं उलटं होतं आणि चुकीचं पाठ होतं. वर्ग मिळालाच तर एक गोष्ट बघा: शिकवणारा तुमच्या हातांकडं बघतो की गुडघ्यांकडं. हातच नीट करत बसणारा सोडून द्या.

शिकवणारा नसेल तर आमचं स्पष्ट मत आहे, आधी बादुआनजिन घ्या. त्याच परंपरेतला आठ हालचालींचा, जागेवर उभं राहून करायचा संच आहे. प्रत्येक हालचाल सहा वेळा धरली तर बारा-पंधरा मिनिटं लागतात, जागा एका चटईइतकी पुरते आणि दोन आठवड्यांत पाठ होतो. पहिल्या हालचालीत दोन्ही तळहात आकाश पेलल्यासारखे वर जातात, दुसऱ्या हालचालीत धनुष्य ताणतात, शेवटी टाचा उचलून सात वेळा सोडायच्या असतात. हाडं ठिसूळ असतील तर टाचा आपटू नका, हळू टेकवा. पुढं वाकण्याच्या हालचालीत कंबरदुखी असलेल्यांनी गुडघ्यापर्यंतच जावं. ताईजीतलं वजन बदलणं यात कमी आहे, त्यामुळं तोलासाठी उपयोग थोडा कमी. पण खांदे, मान आणि श्वास यांसाठी हा संच उत्तम आहे, आणि पुढं ताईजीकडं जायचं झालं तर पाया तयार असतो.

संथ सूर्यनमस्कार: येतात सगळ्यांना, पण सवय मोडावी लागते

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तेव्हापासून मराठी घरात हा व्यायाम परका राहिलेला नाही. इथं शिकण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो शाळेत शिट्टीवर, आकड्यांवर घातलेल्या नमस्कारांच्या सवयीचा. रथसप्तमीला १०८ नमस्कार घालण्याची हौस जरूर ठेवा, पण मन शांत करण्यासाठी त्या वेगाचा उपयोग होत नाही. प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास थांबा. एक नमस्कार साधारण दीड मिनिटाचा होईल. असे सहा घातले की झालं.

तीन जागा सांभाळा. पहिली साष्टांग स्थिती: पारंपरिक पद्धतीत इथं श्वास रोखतात, रक्तदाब असलेल्यांनी तो रोखू नये, चालू ठेवावा. दुसरी, पाय मागून दोन हातांच्या मध्ये आणणं. पोट सुटलं असेल किंवा मांडी आखडली असेल तर पाय पोचत नाही, मग माणूस हिसका देतो आणि कंबर धरते. मागचा गुडघा जमिनीवर टेकवा आणि पुढचा पाय हातानं धरून जागेवर आणा. तिसरी, मनगटं. वजन मनगटाच्या टाचेवर न टाकता बोटं पसरून बोटांच्या मुळांवर घ्या. काचबिंदू असलेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी आणि हर्नियाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पर्याय निवडू नये. जेवणानंतर तीन तास तरी जाऊ द्यावेत. ताईजीला तासभर पुरतो आणि चंक्रमण तर जेवल्यावरही चालतं.

पाठ, मांड्या आणि खांदे यांचा ताण-व्यायाम बाकीच्या दोघांपेक्षा इथं कितीतरी जास्त होतो. शरीर ज्याचं धडधाकट आहे आणि रोजचा वेळ वीस मिनिटांच्या आत आहे, त्यानं उगाच चिनी नावाच्या मागं न जाता हेच करावं.

चंक्रमण: काहीच शिकायचं नाही, म्हणून अवघड

ब्रह्मदेशातल्या महासी सयाडो या बौद्ध भिक्खूंच्या परंपरेत बसण्याच्या ध्यानाइतकंच चालण्याच्या ध्यानाला स्थान आहे. दहा-पंधरा पावलांची सरळ वाट निवडा. एका टोकाला उभं राहा, दोन श्वास घ्या आणि चाला: पाय उचलला, पुढं नेला, टेकला. हे तीन टप्पे मनात ओळखायचे. टोकाला पूर्ण थांबायचं, वळायचं, परत यायचं. नजर पावलांवर नको, मान दुखते. चार हात पुढच्या जमिनीवर ठेवा. तोल जायला लागला तर वेग वाढवा, फार हळू चालल्यानं डगमगायला होतं. रोज पंधरा मिनिटं पुरे.

गल्लीतल्या जुन्या लांबट घरांत सोप्यापासून परसदारापर्यंतची वाट यासाठी आयती असते.

एक सावधगिरी. काही माणसांना शांतता वाढली की विचारांचा गलका जास्त ऐकू येतो, छाती धडधडते. त्यांनी चंक्रमणाचा हट्ट धरू नये. हातांना काम असलेली ताईजी किंवा बादुआनजिन त्यांना जास्त मानवते. झोप उडालेली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर. चालू असलेली गोळी व्यायामाच्या भरवशावर कोणीही बंद करू नये.

मग कोणी काय घ्यावं?

निपाणीत तासन्‌तास मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईचे गुडघे आखडलेले आणि खांदे पुढं झुकलेले असतात. तिला बादुआनजिन बरं; साष्टांग घालायला लावणं तिच्या गुडघ्यांवर अन्याय आहे. वडगाव-खासबागच्या मागावर कापड विणणाऱ्याचंही खांद्यांपुरतं तसंच. उद्यमबागेत फाउंड्रीत आठ तास उभं राहणाऱ्याचे पाय संध्याकाळी आंबलेले असतात, त्यानं ताईजी शिकायला सुट्टीची सकाळ ठेवावी आणि पाळीवरून आल्यावर दहा मिनिटं चंक्रमणच करावं. निवृत्त माणसाला, विशेषतः एकदा पडलेल्याला, ताईजी. पहिला महिना भिंतीपासून हातभर अंतरावर. परीक्षेच्या ताणातल्या कॉलेजच्या पोरापोरींना संथ सूर्यनमस्कार. साखरेमुळं तळपाय बधिर झालेल्यांनी कुठलाही पर्याय अनवाणी करू नये, टोचलेलं कळत नाही.

पायताणाचं सगळ्यांसाठी सांगायचं तर तळ पातळ आणि सपाट हवा. जाड स्पंजच्या बुटांत टाच डुलते आणि वजन नेमकं कुठं आहे ते कळत नाही.

खानापूरच्या बाजूला जूनपासून जो पाऊस लागतो, त्यात अंगणातल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं. तिथं ताईजीचं पाऊल टाकणं धोक्याचं. चोवीसचा पूर्ण क्रम एका बाजूला सरकत जातो, त्याला तीन-चार मीटर मोकळी लांबी लागते, आणि पावसाळ्यात घरात ती मिळत नाही. अशा वेळी क्रम तोडून करा: एकच पाऊल पुढं, एकच मागं, डावीकडून दहा वेळा, उजवीकडून दहा वेळा, सोप्यात खांबाजवळ. नव्यानं सुरुवात करायची असेल तर दिवाळीनंतरचे चार महिने सर्वांत सोयीचे. सकाळी थंडी असते, म्हणून आधी पाच मिनिटं घोटे आणि गुडघे सैल करून मगच उभं राहावं.