एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटर व्ही-८: काही महिन्यांच्या वापरानंतर

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये रोव्हर कंपनीचं ३५२८ सीसीचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन घालायचं म्हटलं की पुढची बाजू जड होईल ही शंका हमखास निघते. ती सोडून द्या. हे इंजिन ॲल्युमिनियमचं, गाडीतलं मूळचं १७९८ सीसीचं इंजिन बिडाचं. वजनातला फरक जेमतेम पंधरा-वीस किलोंचा. एमजी कंपनीनेही १९७३ ते १९७६ दरम्यान हेच इंजिन घालून जीटी व्ही-८ नावाच्या २५९१ गाड्या बनवल्या. वळणावर गाडी आजही एमजीबीसारखीच वळते, फक्त गिअर फारसे बदलावे लागत नाहीत.

डोकेदुखी आहे ती उष्णतेची. १९७७ मॉडेलपासून रेडिएटर पुढे सरकवलेला असल्यामुळे त्या गाड्यांत काम सोपं जातं. क्रोम बंपरच्या जुन्या गाडीत तो स्वतः पुढे घ्यावा लागतो. दोन इलेक्ट्रिक पंखे आणि ८२ अंशांचा थर्मोस्टॅट हवेतच. एक्झॉस्टसाठी आतल्या मडगार्डला भोक पाडून बाहेर काढलेले, एमजीच्याच आरव्ही-८ या नंतरच्या गाडीच्या पद्धतीचे हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) घ्यावेत. पत्रा कापणं जिवावर येतं, पण इंजिनाच्या खणात उष्णता कोंडत नाही आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळ जागा राहते. क्लचचा होस आणि स्टार्टर यांना उष्णतारोधक आवरण घाला. तरीही उन्हाळ्यात गाडी दहा मिनिटं उभी केली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून स्टार्ट अडतो. इग्निशन बंद केल्यावरही पंखे थोडा वेळ चालतील असं वायरिंग केल्याने बराच फरक पडला.

रोव्हरच्या एसडी-१ या गाडीतून काढलेल्या व्ही-८चा इनलेट मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा भाग) उंच असतो, बॉनेटला लागतो. इंजिन विकत घेण्याआधीच याचा विचार करा.

ऑइल पंप पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये असतो. तो उघडला असेल तर गिअरांभोवतीची पोकळी पेट्रोलियम जेलीने ठासून भरा. कोरडा पंप तेल ओढत नाही. मग डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने पंप फिरवून प्रेशर आल्याची खात्री करा, त्यानंतरच स्टार्टर मारा. आयडलवर प्रेशर कमी दिसतं, या इंजिनाची ती रीतच आहे. कॅमशाफ्ट मात्र लवकर झिजतो, म्हणून झिंक भरपूर असलेलं २०डब्ल्यू-५० तेलच वापरावं.

एसडी-१चा पाच गिअरांचा बॉक्स बसवायला टनेल (गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा) रुंद करावा लागतो. मागच्या चाकांचा मूळचा ३.९ गुणोत्तराचा डिफरन्शियल ठेवला तर पाचव्या गिअरमध्येही ताशी १०० किमीला इंजिन मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या पुढे फिरतं; ३.०७ घातला की २३०० च्या आत. हा बदल पुढे ढकलू नये. ब्रेकच्या जाड डिस्क आणि मोठे कॅलिपरही त्याच खर्चात धरा. ब्रिटनमध्ये इंजिन नंबर आणि सीसी बदलल्याचं डीव्हीएलएला (वाहन नोंदणी करणारी सरकारी संस्था) आणि विमा कंपनीला कळवावं लागतं; विम्याचा दर आधी विचारून ठेवलेला बरा.