पंचेचाळीस दिवस थांबा, असं त्यानंच सांगितलं होतं

बंदूक मला मिळालीच नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेले ते ३१,७०० रुपये, आणि त्यांच्यासोबत माझ्या शस्त्र परवान्याची प्रत. पैशांचं दुःख आता ओसरलंय. प्रतीचं नाही, ते का ते ओघात येईल.

आमच्या घरी आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांमध्ये अशा बंदुका बऱ्याच आहेत, कारण वानरं आणि रानडुकरं. ठासणीचं काम मात्र वेळखाऊ. दारू भरा, गज मारा, केप लावा, तोवर डुकरांचा कळप नाचणी लोळवून पलीकडच्या बांधावर पोचलेला असतो. (परवाना आहे म्हणून जनावर मारता येत नाही, त्याला वन खात्याची वेगळी परवानगी लागते. आम्ही बार काढतो तो पांगवायला.) म्हणून काडतुसाची बंदूक घ्यायची ठरवली. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. माझ्याकडे एकच होती, म्हणजे जागा होती. दुसरीची परवानगी परवान्यावर चढवून घ्यायला आठ महिने गेले. अर्ज, पोलिसांचा अहवाल, त्रुटी, पुन्हा अर्ज, साहेब दौऱ्यावर. हे आठ महिने लक्षात ठेवा, माझी अक्कल तिथेच गहाण पडली.

विलायती बंदुकांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे जुन्या इंग्रजी दुनळीला हौशी लोक लाखांत पैसे मोजतात. माझी मजल तेवढी नव्हती. इशापूरच्या सरकारी कारखान्याची साधी बारा बोअर दुनळी मला पुरली असती. सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपती नुकतेच गेले होते, मोबाईलवर नेमकी तशी जाहिरात दिसली. मालक निवृत्त फौजी, वय झालंय, मुलं परदेशात, परवान्याचं नूतनीकरण करायचं नाही म्हणून विकणे. किंमत ३८,००० रुपये. फार स्वस्त सांगितली असती तर मी सावध झालो असतो.

फोनवरचा माणूस घाई करणारा नव्हता. मला गंडवलं ते त्याच्या सबुरीनं. तो म्हणाला, "हे बघा दादा, १९५९ चा शस्त्र कायदा, कलम पाच. खासगी माणसाला आपली बंदूक परवानाधारकाला विकता येते, पण आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना नाहीतर जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. त्याआधी मी बंदूक हलवणार नाही. घाई असेल तर दुसरीकडे बघा."

मी कायदा उघडून पाहिला. कलम पाच, पंचेचाळीस दिवस, शब्दन् शब्द बरोबर. इतकं नियमानं चालणारा माणूस लबाड कसा असेल? घेणाऱ्याचं नाव-पत्ता कळवायचाच असतो, म्हणून परवान्याची प्रत, आधार आणि फोटो त्यानं मागितले ते मी पाठवले. टोकन म्हणून ५,००० रुपयेही पाठवले. चार दिवसांनी पोलिस ठाण्याचा शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो आला. माझं नाव, माझ्या गावाचं नाव, खाली गोल शिक्का. त्याच्या परवान्याचा फोटोही आला, त्यावर यूआयएन म्हणजे राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक. मी तो फोटो घरात सगळ्यांना दाखवला. बायको म्हणाली, "अहो, बंदुकीचा नंबर कुठाय यात?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

मग ना-हरकत दाखल्याचे ३,५००. मग किमतीपोटी १२,०००, कारण "दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे". तेवढ्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतात हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मीही माझी ठासणीची नेऊन जमा केली आणि पावती घेतली. त्याचा फोन आला, की त्याचीही जमा झाली, आता निकालापर्यंत काही हलणार नाही. मला ते अगदी पटलं. सरकारी काम म्हटलं की उशीर होणारच, आणि उशीर होतोय म्हणजे काम सरकारातूनच चाललंय, असं माझ्या डोक्यानं गणित मांडलं होतं. त्या दिवशी मी ठाण्यात हवालदारासमोर पाऊण तास बसलो होतो. खिशात त्या शिक्क्याच्या अर्जाचा फोटो होता. दाखवायचं सुचलंच नाही.

निकाल २३ नोव्हेंबरला लागला. त्यानंतर त्यानं दोन रकमा घेतल्या. बंदूक ठाण्यातून सोडवायला ४,२०० आणि "वाहतूक परवान्याला" ७,०००. बंदूक फौजेच्या कुरियरनं घरपोच येणार होती.

डिसेंबरात मी माझी ठासणीची आणायला गेलो. पावती दिली, वहीत सही केली, बंदूक हातात. एक रुपया लागला नाही. मी मुद्दाम विचारलं, "काही भरायचं?" हवालदार हसला. "कसलं भरायचं? तुमचीच बंदूक." तिथल्या तिथे माझे पाय गार पडले. मग मी मोबाईल काढला.

हवालदारानं फोटो मोठा करून पाहिला. नागरिकानं ठाण्यात अर्ज दिला की त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक पडतो. या अर्जावर होता जावक क्रमांक. ठाण्यातून बाहेर जाणाऱ्या पत्राचा आकडा, बाहेरून आत आलेल्या अर्जावर. त्यानं त्या ठाण्याचा लँडलाइन शोधून फोन लावला. त्या नावाचा परवानाधारक त्यांच्या हद्दीत नव्हता. या एका फोनला तीन मिनिटं लागली. मी अडीच महिन्यांत तो केला नव्हता, कारण ठाण्याशी बोलण्याचं काम "तो करतोय" असं मी धरून चाललो होतो.

"बरं झालं आली नाही," हवालदार म्हणाला. मला आधी राग आला. पण त्याचं बरोबर होतं. समजा खरंच एखादी बंदूक खोक्यात बांधून माझ्या ओटीवर आली असती. तिच्यावरचा क्रमांक माझ्या परवान्यावर चढलेला नाही, कुणाकडून आली त्याचा कागद नाही, आधी तिनं काय केलंय ते देव जाणे. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला शस्त्र कायद्याच्या कलम पंचवीसखाली दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. नाचणी वाचवायला निघालो होतो.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, ठाण्यातही जबाब दिला. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, आणि फोन-संगणकावरून तोतयेगिरी केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. कलमं पाठ झाली, पैसे आले नाहीत. शेवटचा हप्ता दोनच दिवसांपूर्वीचा होता, तोही त्या खात्यातून पुढे गेलेला. पहिल्या तासा-दोन तासांत १९३० लावला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. मला तर तोवर फसलोय हेच ठाऊक नव्हतं.

नंतर जिल्ह्याच्या गावी एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जाऊन बसलो. त्याच्याकडेही जुन्या बंदुका विकायला येतात. त्यानं सांगितलं तसाच व्यवहार आता मी करणार आहे. विकणारा आणि घेणारा दोघंही दुकानात समोरासमोर. नळीवरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक डोळ्यांनी ताडून पाहायचा. विकणाऱ्यानं दिलेल्या अर्जाची खात्री त्याच्या ठाण्यात आपण स्वतः करायची, आणि त्यानं दिलेल्या नंबरवर तर नाहीच. पैसे बँकेतून, पावती हातात पडताना. सरकारी शुल्क काही असेल तर ते ज्याचं त्यानं सरकारात भरायचं, कुणाच्या खासगी खात्यात नाही. इतकं करूनही वेळ लागतोच, पंचेचाळीस दिवस तर कायद्यानंच लागतात. फरक एवढाच दिसला, की माझ्या परवान्याच्या त्या आठ महिन्यांत ज्या ज्या वेळी काम अडलं, त्या त्या वेळी मला कागद मागितला गेला. या अडीच महिन्यांत प्रत्येक वेळी पैसे.

आणि परवान्याची प्रत कुणाला द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवं लिहा. कुणाला दिली, कशासाठी, कुठल्या तारखेला. मी कोरी दिली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी यवतमाळकडून एक फोन आला. कापसाचा शेतकरी, रानडुकरांनी बेजार. त्यानं माझं पूर्ण नाव घेतलं, गाव सांगितलं आणि हळूच म्हणाला, "तुमच्याकडून बंदूक घेतोय ना मी, म्हणून म्हटलं एकदा थेट बोलावं." त्याला विकणाऱ्याचा म्हणून जो परवाना पाठवला होता तो माझा होता. माझा फोटो, माझा यूआयएन. मग मला आलेला तो फौजीचा परवाना कुणाचा असेल, हे तेव्हा लक्षात आलं. माझ्या आधी कुणीतरी असाच कोरी प्रत देऊन बसलेला असणार.

मी त्याला सगळं सांगितलं, तक्रारीचा पोच क्रमांक दिला, १९३० सांगितला, आत्ताच्या आत्ता फोन ठेवून तिकडे लाव म्हटलं. त्याचे तोवर १४,००० गेले होते. तो बराच वेळ गप्प होता.

"पण दादा," तो म्हणाला, "तो तर म्हणाला मार्चअखेर आहे, ऑफिसात कामं तुंबलीत. एप्रिलात होईल म्हणाला. होईल ना?"