नौपाड्यात घेतलेला टॅरोचा संच

ठाण्यात राम मारुती रोडलगतच्या एका गल्लीत स्फटिक, धूप आणि भविष्य पाहण्यासाठी वापरतात ते टॅरोचे पत्ते विकणारे छोटे दुकान आहे. तिथून मी गेल्या महिन्यात रायडर-वेट धर्तीचा ७८ पानांचा संच साडेपाचशे रुपयांना घेतला. दुकान सांभाळणाऱ्या काकूंनी खोका उघडून एकेक पान निवांत पाहू दिले, याचे मला फार अप्रूप वाटले, कारण या संचाचे मोल छपाईच्या बारकाव्यात आहे.

हा संच प्रथम १९०९ साली लंडनमध्ये निघाला. तो सिद्ध करणारे आर्थर वेट आणि त्याची चित्रे काढणाऱ्या पामेला कोलमन स्मिथ हे दोघेही ‘गोल्डन डॉन’ या गुप्त पंथातले होते. वेस्टकॉट, मॅदर्स आणि वुडमन या फ्रीमेसन बंधुसंघातल्या तिघांनी १८८८ साली स्थापलेल्या या पंथाने ज्यूंच्या कबाला या गूढविद्येतील जीवनवृक्ष आधाराला घेतला: त्याची १० स्थाने म्हणजे दीक्षेच्या पायऱ्या, त्यांना जोडणाऱ्या २२ वाटांना हिब्रूची २२ अक्षरे आणि त्या अक्षरांना टॅरोची २२ मुख्य पाने. जर्मनीतल्या कोणा अ‍ॅना स्प्रेंगेल यांच्या पत्रांनी पंथाला अनुज्ञा मिळाली, असे सांगितले जाई. ती पत्रे वेस्टकॉट यांनी बनावट रचली, असा आरोप १९०० साली खुद्द मॅदर्स यांनी केला आणि थोड्याच काळात पंथाची शकले झाली. एक शाखा डॉ. फेल्किन यांनी १९१२ साली न्यूझीलंडमधील हॅवलॉक नॉर्थ या गावी नेली, आणि तिथल्या ‘फारे रा’ नावाच्या घराच्या तळघरातले मंदिर १९७८ पर्यंत चालू राहिले. मुळाची कागदपत्रे खोटी ठरूनही शिकवण इतकी टिकली, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ती शिकवण या पानांत अजून दिसते. दहा नाण्यांच्या पानावर म्हातारा, त्याचे दोन कुत्रे आणि कमानीखालचे जोडपे आहे. पण सगळ्यांवरून पसरलेली ती १० नाणी नेमकी जीवनवृक्षाच्या आकारात मांडलेली आहेत. जुन्या संचांत ‘न्याय’ आठवा आणि ‘बल’ अकरावे असे. वेट यांनी ती अदलाबदल केली, कारण पंथाच्या अक्षरक्रमात सिंह रास तुळेच्या आधी येते, आणि सिंहाला आवरणारी बाई ‘बल’ पानावर, तर तराजू ‘न्याय’ पानावर आहे.

भाग्यचक्राच्या कडेवर रोमन अक्षरांच्या मधोमध ईश्वरनामाची चार हिब्रू अक्षरे आहेत. ठाण्यात १८७९ सालचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) असल्यामुळे ही लिपी आपल्याला अगदीच परकी नाही. यापूर्वी ऑनलाइन मागवलेल्या एका स्वस्त संचात त्या अक्षरांचे नुसते काळे ठिपके झाले होते; या संचात ‘योद’ आणि ‘हे’ ही अक्षरे स्वच्छ वाचता येतात. कागद जाड आहे, मात्र पिसताना थोडा चिकटतो.

सोबतची पुस्तिका निराशाजनक आहे. दहा नाण्यांपुढे ‘धनलाभ, कुटुंबसुख’ एवढेच छापले आहे, वृक्षाचा उल्लेखही नाही. निदान एक आकृती तरी द्यायला हवी होती. तरीही संच जरूर घ्यावा, मात्र घेताना भाग्यचक्राचे पान दारातल्या उजेडात धरून पाहावे. काकू त्यासाठी भिंगही देतात.