फाहाउ लिपीतलं एक अक्षर: रोमन, जुना फॉन्ट की युनिकोड?

ह्मोंग या चीन-आग्नेय आशियातल्या भाषेच्या शब्दकोशाचं अ‍ॅप करायला घेतलंत की पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, अक्षर साठवायचं कसं? 'केंग' हे एकच अक्षर घेऊन बघू.

ह्मोंग भाषेची फाहाउ लिपी १९५९ मध्ये शाँग लू यांग या निरक्षर शेतकऱ्यानं घडवली. १९७१ मध्ये त्यांची हत्या झाली, लिपी मात्र टिकली. 'केंग' हा खरं तर स्वर, पण एकटा लिहिला की त्यात 'क' गृहीत. आपल्या व्यंजनात 'अ' लपतो. इथे स्वरात व्यंजन लपलंय!

रोमनमध्ये याचीच चार अक्षरं होतात: के, ई, ई, बी. दोन ई म्हणजे अनुनासिक शेवट. बी उच्चारायचाच नाही, तो फक्त चढा सूर दाखवतो. १९५० च्या दशकात लाओसमधल्या मिशनऱ्यांनी बसवलेली ही पद्धत कुठल्याही फोनवर टाइप होते, शोधायलाही सोपी. पण तिच्यात फाहाउ दिसतच नाही.

जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी फाहाउचं चित्र बसवलेलं असतं. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर ईमेलमध्ये चिकटवून ज्यांनी कचरा पाहिलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. नव्या कामात हा पर्याय नकोच.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्यात फाहाउ २०१४ साली आली, आवृत्ती ७.०, एकूण १२७ चिन्हं. 'केंग' त्यातलं पहिलं, क्रमांक १६बी००. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत त्याला चार बाइट लागतात (देवनागरीला तीन), म्हणून मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये चार बाइटची अक्षरं मावणारा 'यूटीएफ८एमबी४' हाच पर्याय घ्या. जावास्क्रिप्टला या एका अक्षराची लांबी दोन वाटते. अक्षरं मोजणारा कोड तपासा. आणखी एक गंमत: फाहाउत स्वर आधी लिहितात, व्यंजन नंतर, वाचताना मात्र उलट. आपल्या 'कि'ची वेलांटी आधी दिसते पण व्यंजनानंतर साठते. फाहाउ जशी लिहिली तशीच साठते. त्यामुळे आद्य व्यंजनानुसार शब्द लावायचे तर क्रमाची सोय स्वतः करावी लागते.

न्याकेंग पुआचुए ही वेगळीच ह्मोंग लिपी, १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एका चर्चमधून आलेली. युनिकोडमध्ये ती २०१९ ची, ७१ चिन्हांची. वापरणारे कुठली लिपी वाचतात, ते आधी विचारा.

मी मूळ नोंद युनिकोडमध्ये ठेवीन आणि शोधासाठी शेजारच्या रकान्यात रोमन. नोटो सान्स फाहाउ ह्मोंग फॉन्ट अ‍ॅपसोबतच द्या; फोनवर तो नसला तर 'केंग'च्या जागी नुसता चौकोन दिसेल.