कर्ज की मजुरी?

२०२४च्या लोकसभेआधी दोन्ही जाहीरनामे आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या घरी बसून वाचले. भाजपचं म्हणणं, छोट्या धंद्यांसाठीच्या मुद्रा कर्जाची मर्यादा १० वरून २० लाख आणि मोफत रेशन आणखी ५ वर्षं. काँग्रेसचं, गरीब घरातल्या एका बाईला वर्षाला १ लाख आणि किमान मजुरी रोज ४००.

भाऊ यंत्रमाग चालवतो, त्याला कर्ज पटलं. पण टॉवेलला गिऱ्हाईकच नसेल तर हप्ता कुठून भरायचा?

आई विड्या वळते. मांडीवर सूप, हातात कात्री, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. तिला रोजाचा दर कसा लावणार? तरी माझं मन मजुरीकडेच झुकलं. आईची बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत. १ लाख आणणार कुठून, हे मात्र उमेदवाराला विचारायलाच हवं, असं वाटलं.